रस्त्याचा हिशेब

घरात धान्य किती, खाणारी तोंडे किती, हे मोजूनच आपण वर्षाची बेगमी करतो. गावच्या रस्त्याचेही तसेच आहे. मोजल्याशिवाय रस्ता नीट होत नाही. झालेला टिकत नाही.

लोणार तालुक्यात काळी जमीन पुष्कळ. कपाशीला अन् सोयाबीनला ती चांगली, पण रस्त्याला मोठी अवघड. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात आटते, तिला भेगा पडतात. मग वरचा रस्ताही चिरतो. चिखलात गाडी रुतली म्हणजे काय होते, ते तुम्हांला सांगायला नको. बाजार चुकतो, पोरांची शाळा बुडते, अडलेल्या बाईला दवाखाना गाठता येत नाही.

मग मोजायचे काय?

पहिली मोजणी माणसांची. २००० साली प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली. सपाट भागात ५०० किंवा जास्त लोकांची वस्ती असेल, तर तिला बारमाही रस्ता द्यायचा, असा तिचा नियम. आधी २००१ ची जनगणना धरली. २०२४ साली मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यासाठी २०११ ची धरली. म्हणून शिरगणतीवाला दारी आला, की घरातले एकही माणूस सांगायचे राहू नये. म्हातारी सांगा, तान्हे मूलही सांगा. ४९० आणि ५०० यांत फरक दहाचाच. पण तेवढ्यावर रस्ता अडतो.

दुसरी मोजणी वाहनांची. रस्त्याच्या कडेला सात दिवस, रात्रंदिवस माणसे बसवतात. एक वाहन गेले, की एक रेघ. चार रेघा उभ्या, पाचवी त्यांच्यावर आडवी. बैलगाडी, मोटारसायकल, ट्रॅक्टर, एस.टी., ट्रक, प्रत्येकाचा रकाना वेगळा. वेगळा का? सगळ्यांचे ओझे सारखे नसते म्हणून. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून परीक्षा घेतली. आसावरचे ओझे दुप्पट केले, तर रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते, असे दिसून आले. ट्रकमध्ये जास्त माल कोंबला, तर एक खेप वाचते. पण रस्ता आपलाच जातो.

तिसरी मोजणी खड्ड्यांची. ही तुम्हीच करा. एक वही घाला. तारीख, ठिकाण, खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली लिहा. पावसाळ्याआधी एकदा मोजा, नंतर एकदा. समजा, १२ खड्डे भरले, अन् त्यांतले ९ एकाच मोरीजवळ निघाले. मग नुसते खड्डे बुजवून काय उपयोग? मोरी तुंबली आहे का, ते आधी पाहा. पाण्याला वाट दिली, तर रस्ता वाचतो.

वही घेऊन कुठे जायचे? प्रथम ग्रामसभेत. गावरस्ते सामान्यतः जिल्हा परिषदेकडे असतात. ग्राम सडक योजनेचा रस्ता असेल, तर तो पुरा झाल्यावर ५ वर्षे देखभाल ठेकेदाराने करायची असते. तेव्हा रस्ता पुरा झाल्याची तारीख वहीत आधी लिहा.

“रस्ता लई खराब आहे,” असे सारेच म्हणतात. “मोरीजवळ ९ खड्डे आहेत, ही पाहा तारीख,” असे म्हणणाऱ्याला उत्तर द्यावे लागते.

उत्तरे लिहा :
१. काळ्या जमिनीवरचा रस्ता का चिरतो?
२. शिरगणतीत सर्वांची नावे का सांगावी?
३. तुमच्या गावच्या रस्त्यावर आज किती खड्डे आहेत? मोजून या.