पावसाळा आणि कुंडींतील वामनवृक्ष

उथळ कुंडींत वाढविलेल्या ठेंगण्या वृक्षास जपानी लोक ‘बोन्साय’ म्हणतात. आपण त्यास वामनवृक्ष म्हणतों. एका पिढीनें लावावा आणि पुढच्या पिढ्यांनीं जोपासावा, असा हा ठेवा आहे. १६२५ सालापासून जपलेला एक जपानी पाइन वृक्ष १९४५ सालीं हिरोशिमावरील अणुबाँबमधून वांचला; १९७६ सालीं तो अमेरिकेस भेट देण्यांत आला. परंतु वर्षानुवर्षें जपलेलें झाडहि दुर्लक्षाच्या एकाच पावसाळ्यांत दगावूं शकतें.

वड, पिंपळ, उंबर हे तर आपल्याच देशचे वृक्ष. मोकळ्या जमिनींत आषाढाची झड त्यांस सहसा बाधत नाहीं; मग कुंडींतच कां बाधावी? कारण असें कीं, मुळांस पाण्याप्रमाणेंच हवाहि लागते. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्यानें भरून राहिल्या म्हणजे तेथें हवा उरत नाहीं. मुळें गुदमरतात, काळीं व मऊ पडून कुजतात. कुजलेल्या मुळांस पाणी शोषतां येत नाहीं. म्हणून माती ओली असतांहि पानें मलूल होतात. तें पाहून, झाड तहानलें आहे या समजुतीनें कोणी आणखी पाणी घालतो, आणि झाडाचा शेवट जवळ आणतो.

विद्यार्थिमित्रांनो, एक प्रयोग करून पाहा. स्पंजाचा चौकोनी तुकडा पाण्यांत भिजवून तळहातावर आडवा धरा. पाणी ठिबकणें थांबलें कीं तोच तुकडा, न दाबतां, उभा धरा. पुनः पाणी गळूं लागेल! मातीचेंहि असेंच आहे. कुंडीस भोक असलें तरी तळाशीं ठराविक उंचीचा थर ओलाच राहतो. समजा, हा थर दोन इंचांचा आहे. एक फूट खोल कुंडींत वर दहा इंच माती मोकळी राहील, परंतु दोन इंचांच्या कुंडींत सर्वच मुळें पाण्यांत बुडतील.

यावरून उपाय सुचतो. झड लागली असतां कुंडीच्या एका बाजूखालीं लांकडाचा तुकडा ठेवून ती कलती करावी. आडवा स्पंज उभा करण्यासारखेंच हें आहे. कुंडी जमिनीवर न ठेवतां विटांवर ठेवावी आणि भोकें मोकळीं आहेत कीं नाहींत तें पाहावें. माती भरतांना बारीक धूळ चाळून टाकावी. विटांचे बारीक तुकडे व जाड वाळू मिसळावी. पाऊस थांबतच नसेल तर झाड उजेडाच्या ओटीवर आणावें. मात्र वळचणीच्या धारेखालीं ठेवूं नये, त्या धारेनें माती वाहून जाते. आंत आणलेल्या झाडाची मातीहि रोज बोटानें चांचपून पाहावी, व ती सुकूं लागली तरच पाणी घालावें.

पालकांनीं हें काम मुलांकडे सोंपवावें. रोज मातीस बोट लावून मगच पाण्याचा तांब्या उचलणारें मूल, दुसऱ्याची गरज अगोदर जाणून मग मदत करावयास शिकतें.