वर्गासाठी कटिंग मशीन देण्यापूर्वी



आदिवासी मुलामुलींच्या सुतारकाम वर्गात मी शिकवतो. “वर्गाला टेबलावरचे एखादे छोटे कटिंग मशीन दिले तर उपयोग होईल का?” असे मंडळीतील पुष्कळ जण विचारतात. उपयोग नक्की होईल. मात्र कोणते यंत्र घ्यावे, हे काय कापायचे आहे त्यावरून ठरते. म्हणून हा छोटासा धडा.

अशी यंत्रे मुख्यतः तीन प्रकारची असतात.

१. पात्याचे यंत्र : कागद, स्टिकर आणि पातळ कार्डशीट कापते. शुभेच्छापत्रे, पाकिटे, लेबले यांसाठी उत्तम. धूर नाही, धोका कमी. नवशिक्यांनी येथूनच सुरुवात करावी.

२. छोटा सीएनसी राउटर : फिरणाऱ्या बिटने लाकूड कोरतो. ‘३०१८’ या नावाने मिळणाऱ्या यंत्रावर साधारण ३० बाय १८ सेंटिमीटरचे काम होते. नावाच्या पाट्या, ठसे चांगले निघतात. बिट गोल असल्याने आतला कोपरा मात्र टोकदार निघत नाही. आवाज आणि भुसाही बराच होतो.

३. लेझर : स्वस्त यंत्रात निळ्या प्रकाशाचा डायोड असतो. तो पुठ्ठा, पातळ प्लायवूड कापतो आणि बांबूवर नक्षी उमटवतो. पारदर्शक ॲक्रिलिकमधून निळा प्रकाश आरपार जातो, त्यामुळे ते कापले जात नाही. जाहिरातीतला ‘४० वॅट’ हा आकडा पुष्कळदा यंत्र किती वीज घेते त्याचा असतो. प्रत्यक्ष किरणाची शक्ती ५ ते १० वॅटच भरते. म्हणून दुकानदाराला “ऑप्टिकल पॉवर किती?” असे स्पष्ट विचारावे.

तिन्ही यंत्रांसाठी चित्रे काढायला इंकस्केप हे सॉफ्टवेअर मोफत मिळते.

आता सर्वांत महत्त्वाचे. स्वस्त लेझर बहुधा उघड्या चौकटीचे येते. त्याचा किरण चमकदार पत्र्यावरून उलटून आला, तरी क्षणात दृष्टी कायमची अधू होऊ शकते. वर्गात तर यंत्राभोवती दहा-बारा डोकी एकदम जमतात! म्हणून बंद पेटी, त्या किरणासाठीच बनवलेले चष्मे, धूर घराबाहेर नेणारा पंखा आणि हाताशी अग्निशामक, एवढे हवेच. यंत्र चालू असताना कोणीतरी जवळ थांबलेच पाहिजे. रेक्झिन बहुधा पीव्हीसीचे असते. पीव्हीसी जळले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो; तो फुप्फुसांना घातक आहे आणि यंत्रालाही गंज चढवतो. ते लेझरखाली कधीही ठेवू नये.

माझी विनंती एवढीच, की पेटी, चष्मे आणि पंखा यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरून देणगी ठरवावी. तेवढी रक्कम जमत नसेल, तर पात्याचे यंत्र द्यावे. मुले त्यावरही मापे घेणे, चित्र जुळवणे, नेमके कापणे शिकतील. उघडे लेझर मात्र कोणी फुकट दिले, तरी मी ते वर्गात लावणार नाही.