वृद्ध कामगाराचे मत

बंगळुरू शहराच्या वायव्येस, तुमकूरकडे जाणाऱ्या महामार्गालगत पीण्या औद्योगिक क्षेत्र पसरलेले आहे. १९७० च्या दशकात त्याची आखणी व उभारणी झाली. यंत्रांचे सुटे भाग, मुलामा देणे, ओतकाम, पत्र्याची कामे, तयार कपडे अशा नाना उद्योगांचे लहानमोठे कारखाने येथे शेजारी शेजारी उभे आहेत. १९८० साली वयाच्या विसाव्या वर्षी येथे कामास लागलेला मनुष्य २०२० साली साठ वर्षांचा झाला. ज्या वसाहतीला आपण तरुण हातांची वसाहत म्हणून ओळखतो, तिने अशा रीतीने वृद्धांची एक पिढीही निर्माण केली आहे. दाबयंत्राच्या आवाजाने मंदावलेली श्रवणशक्ती, शिलाईयंत्रावर वाकून जडलेली पाठदुखी, धुरात व बाष्पात काढलेल्या वर्षांचा दमा ही त्या पिढीची दुखणी होत. त्यांच्यासाठी आरोग्यसेवा कशी असावी हे ठरविताना त्यांना कोणी विचारते काय, हा प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे.

कारखान्यातील कामगाराच्या आरोग्याची व्यवस्था मुख्यतः कर्मचारी राज्य विमा योजनेने केली. १९४८ च्या कायद्यानुसार ही योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. बंगळुरूत या योजनेची रुग्णालये राजाजीनगर व पीण्या येथे आहेत. कामगार व मालक दोघेही वेतनाच्या प्रमाणात वर्गणी भरतात; जुलै २०१९ पासून हे प्रमाण कामगाराचे ०.७५ टक्के व मालकाचे ३.२५ टक्के असे ठरले. सेवानिवृत्तांसाठीही योजनेच्या नियमांत तरतूद झाली. किमान पाच वर्षे विमाधारक राहून नियत वयात निवृत्त झालेल्या कामगारास वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा मिळू लागली.

ही तरतूद उदार होती यात शंका नाही. परंतु तिच्यात एक उणीव होती. योजना लागू होण्यासाठी वेतनाची कमाल मर्यादा असते. मे २०१० पासून ती महिना १५,००० रुपये व जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये होती. कुशल कामगाराचे वेतन अनुभवाबरोबर वाढते. ते मर्यादेपलीकडे गेले की तो योजनेबाहेर पडे, आणि निवृत्तीच्या वेळी विमाधारक नसल्यामुळे ही सवलतही गमावून बसे. वीस वर्षे वर्गणी भरलेल्या मनुष्यास, शरीर थकू लागल्यावर नेमका औषधोपचाराचा आधार सुटलेला आढळे. अखेर १० फेब्रुवारी २०२४ रोजी महामंडळाच्या १९३ व्या बैठकीत ही अट शिथिल करण्यात आली. १ एप्रिल २०१२ नंतर जे विमाधारक होते आणि १ एप्रिल २०१७ रोजी वा त्यानंतर ३०,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर निवृत्त झाले, अशांना पाच वर्षांच्या पूर्वसेवेच्या आधारे सेवा देण्याचे ठरले.

निवृत्त कामगारांपैकी कोणालाही वेळेवर विचारले असते, तर ही उणीव लगेच समजली असती. मग ती दूर होण्यास इतका काळ का लागावा? याचे एक कारण महामंडळाच्या रचनेत सापडते. १९४८ च्या कायद्याने महामंडळावर मालकांचे दहा, कामगारांचे दहा, वैद्यकीय व्यवसायाचे दोन प्रतिनिधी आणि संसदेचे तीन सदस्य नेमले. शिवाय केंद्र व राज्य शासनांचे प्रतिनिधी असतातच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही रचना मुख्यतः कायम आहे. तीत निवृत्त कामगारांसाठी स्वतंत्र जागा मात्र नाही. कामगारांचा प्रतिनिधी स्वाभाविकपणेच कामावर असलेल्यांची बाजू मांडतो. वर्गणी भरणाऱ्याला स्थान आहे. वर्गणी भरून झालेल्याला नाही.

न विचारता निर्णय घेतल्याने काय घडते, याचा अनुभव याच शहराने घेतला आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र शासनाने भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा ५८ वर्षे वयापूर्वी काढण्यास मनाई करणारा नियम जाहीर केला. वृद्धापकाळासाठी बचत राहावी हा त्यामागील हेतू गैर नव्हता. तथापि कपड्यांच्या कारखान्यांतील स्त्रिया ५८ व्या वर्षापर्यंत क्वचितच कामावर टिकतात. १८ व १९ एप्रिल रोजी बंगळुरूत हजारो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. वाहतूक ठप्प झाली, हिंसाचारही झाला, आणि १९ एप्रिल रोजी नियम मागे घेण्यात आला. जी गोष्ट चर्चेने कळली असती ती दगडफेकीने व लाठीमाराने कळावी, हे कोणत्याच पक्षाला भूषणावह नाही.

वृद्धांचे मत पद्धतशीरपणे घेता येते, हे जागतिक आरोग्य संघटनेने दाखवून दिले आहे. वृद्धांना अनुकूल शहरांविषयी तिने २००७ साली जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिच्यासाठी जगातील ३३ शहरांत वृद्धांच्या लहान गटांशी चर्चा करण्यात आली. दिल्ली व उदयपूर ही त्यांतील भारतीय शहरे होत. या चर्चांत बसण्याची बाके, बसची पायरी, स्वच्छतागृहे यांचे महत्त्व औषधोपचाराच्या बरोबरीने पुढे आले. दवाखाना चांगला असून भागत नाही. तेथवर पोहोचता आले पाहिजे.

पीण्यासारख्या ठिकाणी हे कसे करता येईल? पहिली गोष्ट म्हणजे सूचना वेळेवर देणे. कायद्यांचे मसुदे किमान तीस दिवस जनतेसमोर ठेवावेत, असे केंद्र शासनाने २०१४ साली ठरविले आहे. पण मसुदा इंग्रजीत व कार्यालयाच्या फलकावर राहिला, तर निवृत्त ओतारी तो वाचणार कसा? तो कन्नड, तमिळ, तेलुगू व हिंदी या कामगारांच्या भाषांत, औषधे मिळण्याच्या खिडकीपाशी व निवृत्तिवेतनाच्या बँकेत लागला पाहिजे. दुसरी गोष्ट, विमा योजनेच्या स्थानिक समित्यांत निवृत्तांपैकी एक पुरुष व एक स्त्री असावी. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, मिळालेल्या सूचनांपैकी कोणत्या स्वीकारल्या, कोणत्या नाकारल्या आणि का, याचे उत्तर जाहीर केले जावे. उत्तर न मिळालेला मनुष्य दुसऱ्यांदा मत द्यायला येत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने सत्तर वर्षांवरील सर्वांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचा समावेश केला. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु कारखान्यातील कामगार अठ्ठावन्न किंवा साठाव्या वर्षी निवृत्त होतो. विमा सुटलेल्या कामगाराने मधली दहा-बारा वर्षे कशी काढावी? ज्याला ती वर्षे काढावी लागत आहेत, त्याला हे प्रथम विचारले पाहिजे.