दोन गाड्यांमधली फट

प्रश्न : सॅन होजेला नोकरीसाठी आलो, मोटारसायकल घेतली. इथे तुंबलेल्या फ्रीवेवर दुचाकीवाले गाड्यांच्या मधून सरळ निघून जातात. हे कायदेशीर आहे? असावं का?

उत्तर : कॅलिफोर्नियात आहे. 2016 मध्ये तसा कायदा झाला आणि 2017 पासून लागू झाला. मात्र त्यात वेगमर्यादा लिहिलेली नाही, आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. बर्कली विद्यापीठाच्या 2015 च्या अभ्यासात दिसलं, की वाहतूक ताशी 50 मैलांपर्यंत असेल आणि तुमचा वेग तिच्यापेक्षा फार तर 15 मैलांनी जास्त असेल, तर असं जाणं तुलनेने सुरक्षित ठरतं. मागून ठोकर बसण्याचा धोकाही कमी होतो. अर्थात, मधून जाणारे हे चालक चांगलं हेल्मेट घालणारे आणि दारू कमी पिणारे होते. तेव्हा सगळं श्रेय फटीला देऊ नका!

मला युटाचा 2019 चा नियम जास्त पटतो : पुढची वाहनं थांबलेली हवीत, रस्त्याची मर्यादा 45 मैलांपर्यंत आणि दुचाकीचा वेग 15 मैलांच्या आत. मुभा असावी, पण अशी आखून दिलेली.

तुम्ही जाणार असाल, तर डावीकडच्या पहिल्या दोन लेनच्या मधूनच जा. ट्रकशेजारी नको. शेजारची लेन मोकळी झाली की सावध व्हा, कुणीतरी तिकडे घुसणारच. इंडिकेटरची वाट बघू नका. गाडीचं पुढचं चाक वळतंय का, ते बघा.