गुंतवळ

काल तू आलीस तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. मी पंखा लावला, माठातलं पाणी दिलं, पण तुझी ओढणी काही डोक्यावरून खाली आली नाही. चहा पितानाही एक हात कानामागं, ओढणीचं टोक घट्ट धरून. तुझ्या आईला वाटलं, पोरगी सासरी जाऊन मर्यादेची झाली. मी मात्र ओळखलं. तसंच टोक धरून मी दीड वर्ष काढलंय गं.

म्हणून आज हे सगळं तुला सांगायला बसले. घरात चार माणसं असताना हे बोलता येत नाही, आणि एकटीनं सोसायची तर ही गोष्टच नाही.

तुझं बाळ आता पाच महिन्यांचं. नहाणीतल्या जाळीवर रोज केसांचा गोळा अडकतो, उशीवर केस, बाळाच्या झबल्यावर केस, भाकरीच्या पिठात एखादा निघाला की सगळ्यांच्या नजरा तुझ्याकडं. भांग रुंद दिसायला लागला, कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागं सरकले. आणि तू कुणाला सांगत नाहीस, कारण लगेच उत्तर येतं: "केसाचं काय एवढं? बाळ धडधाकट आहे ना!"

बाळ धडधाकट आहे, हा आनंदच आहे. पण एका आनंदानं दुसरं दुःख खोटं ठरत नाही. तुला केसांचं वाईट वाटतं म्हणजे तू नखरेल नाहीस, नाशुक्री नाहीस. आधी हे मनात पक्कं कर, मग पुढचं ऐक.

माझं तुझ्यासारखं नव्हतं. मला चाई पडली होती. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची. सासूबाई तेल लावत होत्या आणि त्यांचं बोट एका जागी थांबलं. काही बोलल्या नाहीत, फक्त थांबलं. मी हात लावून पाहिला तर रुपयाएवढी जागा, तळहातासारखी गुळगुळीत. महिन्याभरात तशा तीन झाल्या. कुणी म्हणालं लसूण चोळ, कुणी म्हणालं ब्लेडनं खरवडून कांदा लाव. मी सगळं केलं. कातडी भाजून निघाली, पाणी सुटलं, केस काही आले नाहीत. पुढं एका शहरातल्या केसांच्या दवाखान्यात भिशीचे सगळे पैसे भरले; बाटल्यांचं एक खोकं मिळालं, बाकी काही नाही.

पण मला सगळ्यात जास्त काय दुखलं, सांगू? चुलत नणंदेच्या हळदीला एक बाई गजऱ्यांची परडी घेऊन फिरत होती. प्रत्येकीला माळत माळत माझ्यापाशी आली. मी झटकन डोकं मागं घेतलं. ती हसून म्हणाली, "अगं माळू दे की!" आणि मी उठून मागच्या दारी गेले. पिन सरकली असती, केस बाजूला झाले असते, दिसलं असतं. त्या दिवशी मी जेवले नाही. मग लग्नाला जाणं बंद केलं, मग हळदीकुंकू, मग बाजार. चाई होती तीन रुपयांएवढी, आणि तिच्यापायी मी सगळं गाव सोडून दिलं होतं. केस नसल्याचं ओझं थोडंच असतं बाई. लपवण्याचं ओझं माणसाला वाकवतं.

ही लाज येते कुठून, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. आपल्याकडं बाईच्या केसांवर फार काही लादून ठेवलंय. मुलगी बघायला आले की लांबसडक वेणी बघायची. आणि पूर्वी नवरा गेला की त्याच बाईचे केस उतरवायचे, तिनं कुणाला सुंदर दिसू नये म्हणून. केशवपन म्हणायचे त्याला. हे पाप आपल्या हातून होतंय हे मुंबईतल्या नाभिक मंडळींना उमगलं, आणि 1890 साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं, त्यांनी ठरवलं की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. पोट ज्या वस्तऱ्यावर चालायचं, तो त्यांनी खाली ठेवला. सांगायचं कारण, केस गेले की बाईची किंमत गेली, हे तुझ्या मनानं काढलेलं नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या आपल्या डोक्यात घातलंय. जे बाहेरून घातलंय ते बाहेर काढताही येतं.

दुसरी गोष्ट शेगाव तालुक्यातली. 2025 च्या जानेवारीत बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतल्या माणसांचे केस अचानक गळायला लागले. आधी डोकं खाजायचं, मग केस ओढले की हातात यायचे, आणि चार-सहा दिवसांत टक्कल. बाया, गडी, लेकरं, सगळ्यांना. कुणी पाण्याला दोष दिला, कुणी शाम्पूला. त्या गावांतल्या माणसांजवळ यायला लोक कचरू लागले, पोरापोरींच्या सोयरिकी अडू लागल्या, अशा बातम्या आपण इथं सिरसाळ्यात बसून वाचल्या. आधीच केस गेलेले, वर लोकांचं हे वागणं.

मग डॉ. हिंमतराव बावस्कर तिथं गेले. विंचवाच्या विषावर आयुष्यभर काम केलेले तेच, आपल्याच मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातले. त्यांनी रक्त, लघवी, केस तपासले, घरातला रेशनचा गहू तपासला, आणि सांगितलं की गव्हात सेलेनियम नावाचं द्रव्य फार जास्त आहे. शरीराला ते कणभर लागतं. जास्त झालं की केस गळतात. पुढं कित्येकांचे केस परत उगवले. मला त्यातून एवढंच दिसलं: माणसं एकमेकांकडं संशयानं बघत होती, आणि कारण पोत्यात होतं. तुझंही तसंच आहे. कारण तुझ्या नशिबात नाही, तुझ्या अंगात आहे, आणि ते तपासता येतं.

तुझ्यापुरतं सांगते. डोक्यावरचे बहुतेक केस वाढीला लागलेले असतात, थोडे विश्रांती घेतात आणि गळून पडतात. रोज पन्नास ते शंभर जाणं ही रीतच आहे. पोटुशी असताना अंगातली संप्रेरकं केसांना धरून ठेवतात, म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात तुझी वेणी एवढी दाट दिसत होती. बाळंतपण झालं की ती संप्रेरकं एकदम उतरतात आणि थांबलेले केस एकत्र विश्रांतीला जातात. मग दोन-तीन महिन्यांनी एकत्रच गळतात. आपल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, बाळ हसायला लागलं की आईचे केस गळतात. महिने मोज, बरोबर तिथंच येतं. टायफॉइड, डेंग्यू, मोठं ऑपरेशन, उपाशी राहून वजन उतरवणं, यानंतरही असंच होतं. यात मूळ शाबूत असतं. बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेकींचे केस बऱ्यापैकी सावरतात. कपाळाजवळ नीट बघ, बारीक तुरे आलेले दिसतील.

पण "आपोआप होईल" म्हणून नुसतं बसायचंही नाही. आपल्या राज्यात 15 ते 49 वयाच्या शंभर बायांत 54 जणींच्या अंगात रक्त कमी होतं, असं सरकारच्याच 2019-21 च्या पाहणीत निघालं. आपल्या भागात तर बाई दिवाळीनंतर उसाच्या फडावर जाते, पहाटेपासून मोळ्या बांधते, सगळ्यांना वाढून उरलं ते खाते. रक्त कमी असलं की शरीर आधी जीव सांभाळतं, केस नंतर. म्हणून हिमोग्लोबिन बघ, अंगातला लोहाचा साठा म्हणजे फेरिटिन बघ, थायरॉइड बघ. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडतो तो कित्येकींच्या लक्षातही येत नाही. आशाताई देते ती लोहाची गोळी नेमानं घे. तिच्यामागं लगेच चहा पिऊ नकोस, लिंबू पिळलेलं खा. शेंगदाणे, डाळ, हिरवी भाजी, चालत असेल तर अंडं. बाळंतिणीनं उपास करायचा नाही, एकादशी असो नाहीतर चतुर्थी.

तू अंगावर पाजतेस, तेव्हा मोबाइलवर जाहिरात बघून डोक्याला काही लावू नकोस. मेडिकलवाल्यानं दिलेलं मलमही नको, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. वेणी सैल घाल. ओला केस विंचरू नकोस. आणि एक फार महत्त्वाचं: गळलेला केस बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळून बसतो. दिसत नाही, पण बोट आवळून सुजतं. बाळ उगाच किंचाळायला लागलं तर आधी मोजे काढून बोटं बघ.

माझी चाई काय होती ते मला अंबाजोगाईला कळलं, सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तुमच्याच शरीराचे शिपाई चुकून केसांच्या मुळांवर चाल करतात. हे संसर्गानं होत नाही, कुणाला लागत नाही. बाहेर पायऱ्यांवर बसून मी रडले. बरं होण्याची खात्री मिळाली म्हणून नाही. मी काही चूक केली नव्हती, हे पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं म्हणून. दोन चकत्या भरल्या. तिसरी अजून आहे. कधी भरते, कधी पुन्हा मोकळी होते. ती घेऊनच मी लग्नांना जाते.

मनाचं म्हणशील तर मी चार गोष्टी केल्या. केस मोजणं सोडलं. आरसा सकाळी एकदाच, कुंकू लावायपुरता. नवऱ्याला समोर बसवून डोकं दाखवलं, तो म्हणाला, "मला वाटलं तू माझ्यावर रुसलीस." दीड वर्ष तो तेच समजत होता बिचारा. तूही जावईबापूंना सांग. ते गप्प आहेत म्हणजे त्यांना किळस आली असं धरून बसू नकोस. आणि चौथं, बायांसाठी एक वाक्य पाठ करून ठेवलं: "केस गळतायत, औषध चालू आहे, येतील." एवढं बोलून विषय बदलायचा. कुणाला जास्त खुलासा देणं लागत नाहीस तू. ओढणी घ्यावीशी वाटली तर घे, गंगावन लावावंसं वाटलं तर लाव, खांद्यापर्यंत कापावेसे वाटले तर काप. फक्त ते तुझ्या मर्जीनं असू दे, भीतीनं नको.

आणि हे नुसतं केसांचं नसेल, बाळाकडं बघावंसं वाटत नसेल, झोप उडाली असेल, जगण्यात राम नाही असं मनात येत असेल, तर मला रात्री-बेरात्री उठव. मनाला आधार देणाऱ्या टेलिमानस सेवेचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात, तोही लावता येतो. बाळंतपणानंतर मन असं खचतं, आणि त्यालाही औषध आहे.

आता एक शेवटचं. त्या दीड वर्षात मी गळलेला प्रत्येक केस जपून ठेवला होता. बोटाला गुंडाळून गोळा करायचा आणि कोनाड्यातल्या पिशवीत कोंबायचा. रात्री सगळे झोपले की ती पिशवी काढून हातात तोलायची. एक दिवस गल्लीत आवाज आला, केसावर भांडी घेऊन फिरणाऱ्या बाईचा. मी पिशवी तिच्या पुढ्यात ठेवली. तिनं गुंतवळ मुठीत दाबून बघितला, म्हणाली, "चांगलाय ताई, काळाभोर हाय," आणि स्टीलची एक गाळणी काढून दिली. कोनाडा रिकामा झाला. त्या रात्री मला झोप लागली.

काल तुझा चहा त्याच गाळणीनं गाळला होता.

परवा सकाळच्या गाडीनं आपण दोघी अंबाजोगाईला जाऊ. बाळाला तुझी आई सांभाळेल, दिवसभर पुरेल एवढं दूध काढून ठेव, पोचायला उशीर झाला तर मी फोन करीन. त्याआधी उद्या दुपारी माझ्याकडं ये. दार लावून घेऊ, ओढणी खुंटीला टांगू, आणि मी तुझ्या डोक्याला तेल लावून देते. माझं बोट कुठंही थांबणार नाही.