रिकामी वास्तू, नांदती वास्तू

घरात माणूस राहिला नाही, की घर पडते. गळते कुठे, हे बघायलाच कोणी नसते. मग मोठ्या वास्तूंचे काय होत असेल? गोव्यातल्या दोन मठांची हकीकत ऐका.

पणजीजवळ, मांडवी नदीच्या काठी, जुने गोवे आहे. तिथे पूर्वी पोर्तुगीजांची राजधानी होती. ख्रिस्ती साधूंचे मोठमोठे मठ होते. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने ते बंद केले. साधू निघून गेले.

एक मठ टेकडीवर होता, संत ऑगस्टीनचा. बांधकाम जांभ्या दगडाचे. या दगडाला चुन्याचा गिलावा लागतो. गिलावा गेला, की दगड पाणी पितो. देखभाल थांबली. १८४२ साली तिथल्या चर्चचे छत कोसळले. चर्च म्हणजे ख्रिस्ती लोकांचे प्रार्थनामंदिर. १९३१ साली मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. उरलेला अर्धा आजही उभा दिसतो.

दुसरा मठ असिसीच्या संत फ्रान्सिसचा. तोही रिकामा झाला होता. पण १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि १९६४ साली भारताच्या पुरातत्त्व खात्याने त्या मठात संग्रहालय उघडले. तिथे विष्णूची मूर्ती आहे. वीरगळ आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा दगड. आपल्याकडेही मारुतीच्या देवळापाशी असे दगड दिसतात. पोर्तुगीज अधिकाऱ्यांची मोठी चित्रेही तिथेच आहेत. मठ ख्रिस्ती, मूर्ती विष्णूची, चित्रे परक्या राज्यकर्त्यांची. सगळे एका छपराखाली! लोक येतात, बघतात, शिकतात.

आता आमची चूक सांगतो. आम्ही नोकरीत असताना एका गावी जुनी धर्मशाळा होती. तिथे वाचनालय काढू, असे आम्हीच बोललो. पण 'पुढल्या साली बघू' म्हणत राहिलो. तुळया कोणी नेल्या, दगड कोणी नेले. शेवटी मातीचा ढीग उरला.

कनेरगाव नाक्याच्या आसपास, तुमच्या गावात, अशी एखादी बंद वास्तू असेल. आधी तिचे छप्पर नीट करा. मग तिथे वाचनवर्ग भरवा, भजन करा. माणसांचा राबता राहिला, तर भिंतीही राहतील.

प्रश्न :
१. जांभ्या दगडाला गिलावा का लागतो?
२. संत फ्रान्सिसच्या मठात आज काय आहे?
३. तुमच्या गावात कोणती वास्तू रिकामी आहे? तिचे काय करता येईल?