इंजिन ऑईलचे जादा फिल्टर : कोणाला परवडतात, कोणाला नाही?

मोटारींच्या धंद्यात आपले असंख्य बांधव आहेत. कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड असो की पुण्याची नाना पेठ, कोणी स्पेअर पार्टचे दुकान चालवितो, कोणी गॅरेजमध्ये इंजिन बांधतो, कोणी स्वतःची टॅक्सी किंवा टेम्पो हाकतो. या सर्वांपुढे एक माल अधूनमधून येत असतो. तो म्हणजे कंपनीच्या ऑईल फिल्टरशिवाय इंजिनाला लावावयाचा जादा फिल्टर, लोहचुंबकाचा ड्रेन प्लग किंवा "कधीच बदलावा लागत नाही" असा धुऊन वापरण्याचा जाळीचा फिल्टर. विक्रेता सांगतो की याने इंजिनाचे आयुष्य दुप्पट होईल. दुकानदाराला कमिशन चांगले मिळते. पण ग्राहकाचा पैसा ही आपल्याकडची अमानत असते. म्हणून या मालाची खरी किंमत काय, हे आपण कारागिराच्या नजरेने तपासू या.

फिल्टर काय करतो?

तेल चेंबरमधून पंपाने उचलले जाते, फिल्टरमधून जाते आणि मग क्रँकच्या बेअरिंगांकडे व इतर भागांकडे पोहोचते. म्हणजे कंपनीच्या फिल्टरमधून सर्व तेल जाते. चालत्या इंजिनात चेंबरमधले सगळे तेल मिनिटाला अनेक वेळा फिरते. एवढा प्रवाह अडू नये म्हणून या फिल्टरचा कागद फार घट्ट ठेवता येत नाही. साधारणतः २० ते ३० मायक्रॉनचे व त्याहून मोठे कण तो चांगले पकडतो, बारीक कण मात्र काही अंशी निसटतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो.

फिल्टर तुंबला किंवा थंडीत तेल घट्ट झाले तर बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळताच पुढे जाते. कोरड्या बेअरिंगपेक्षा मळके तेल बरे, हा त्यामागचा हिशेब आहे.

आता झीज कशाने होते ते पाहू. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधला तेलाचा थर काही मायक्रॉनचाच असतो. त्या थराएवढा किंवा त्याहून थोडा मोठा कण दोन्हीकडे घासतो. म्हणून ५ ते २० मायक्रॉनचे कण सर्वांत घातक मानले जातात. १९८८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या, स्वतः फिल्टर बनविणाऱ्या विभागाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४० मायक्रॉनच्या फिल्टरच्या तुलनेत ३० मायक्रॉनच्या फिल्टरने झीज ५० टक्के आणि १५ मायक्रॉनच्या फिल्टरने ७० टक्के कमी झाली, असा त्याचा निष्कर्ष होता. जादा फिल्टर विकणारे हाच आकडा पुढे करतात. पण त्या प्रयोगात झीज लवकर दिसावी म्हणून तेलात मुद्दाम धूळ मिसळली होती, ही गोष्ट ते सांगत नाहीत. बारीक गाळण्याचा फायदा खरा आहे. मात्र ज्या इंजिनात धूळ शिरतच नाही, तेथे तो तेवढा मोठा असणार नाही.

जादा फिल्टरचे प्रकार

पहिला प्रकार बायपास फिल्टरचा. यात एकूण तेलापैकी थोडासा भाग, सुमारे दहावा हिस्सा, वेगळ्या नळीने अतिशय घट्ट गाळणीतून नेतात आणि परत चेंबरमध्ये सोडतात. प्रवाह संथ असल्यामुळे दोन ते पाच मायक्रॉनचे कणही पकडले जातात. ही कल्पना नवी नाही. १९२३ साली अमेरिकेत स्वीटलँड आणि ग्रीनवूड यांनी काढलेला प्युरोलेटर याच जातीचा होता. सर्व तेल गाळणारे फिल्टर नंतर रूढ झाले.

दुसरा प्रकार लोहचुंबकाचा. तो पोलादाची व बिडाची भुकटी धरतो. परंतु बेअरिंगचे तांबे, शिसे, ॲल्युमिनियम आणि रस्त्यावरची वाळूची धूळ त्याला चिकटत नाही. तेल काढताना इंजिनात काय चालले आहे याचा अंदाज देणारे साधन म्हणून तो उपयोगी आहे, गाळणी म्हणून नाही.

तिसरा प्रकार धुऊन वापरण्याच्या स्टीलच्या जाळीचा. शर्यतीच्या गाडीत तेलाचा प्रवाह मोकळा हवा असतो आणि इंजिन वारंवार उघडले जाते, तेथे त्याला अर्थ आहे. रोजच्या गाडीत अशी जाळी बहुधा चांगल्या कागदी फिल्टरपेक्षा जाडच गाळते.

चौथा प्रकार म्हणजे कंपनीच्याच जागी बसणारा, पण कृत्रिम धाग्याचा उत्तम फिल्टर. यात नळी नाही, फिटिंग नाही, खर्च थोडाच जास्त. सुधारणा करावयाचीच असेल तर लहान गाडीसाठी हीच सर्वांत शहाणपणाची.

हिशेब करून पाहू

पुढील रकमा उदाहरणादाखल घेतल्या आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे घालावेत.

समजा, एक मोटार वर्षाला १५,००० किलोमीटर चालते आणि दर १०,००० किलोमीटरला ऑईल व फिल्टर बदलण्यास ३,००० रुपये लागतात. वर्षाचा खर्च ४,५०० रुपये झाला. बायपास फिल्टरमुळे तेल दुप्पट टिकले असे धरले, तरी बचत २,२५० रुपयांची. त्यातून वर्षाला एक गाळणी १,५०० रुपयांची गेली. हाती राहिले ७५०. फिल्टरचा संच बसविण्यास १५,००० रुपये पडले असतील तर ते फिटण्यास २० वर्षे लागतील. तोवर गाडी भंगारात गेलेली असेल.

आता ट्रक घ्या. वर्षाला १ लाख किलोमीटर, दर २०,००० ला ऑईल बदली, एका बदलीला ६,००० रुपये. वर्षाचे ३०,००० झाले. तेल दुप्पट टिकले तर १५,००० वाचतात. तीन गाळण्यांचे ६,००० वजा केले तरी ९,००० उरतात. २५,००० रुपयांचा संच तीन वर्षांच्या आत फिटतो. शिवाय डिझेलच्या तेलात काजळी साचते आणि तिचे गोळे झाले की ते झीज करतात. तेथे बारीक गाळणीला खरे काम असते. म्हणूनच हा माल ट्रक, जनरेटर, जेसीबी अशा मोठ्या चेंबरच्या, दिवसभर चालणाऱ्या इंजिनांचा आहे.

जे फिल्टरला जमत नाही

तेल केवळ मळल्यामुळे खराब होत नाही. त्यात मिसळलेले इंधन, पाण्याची वाफ आणि आम्ल यांवर गाळणीचा इलाज चालत नाही. तेलातली औषधेही वापराने संपतात. सीएनजीवर चालणाऱ्या टॅक्सीचे तेल काजळी नसल्यामुळे स्वच्छ दिसते, पण उष्णतेने ते घट्ट व निकामी होत जाते. रंगावर विसंबून बदली लांबविणारा चालक नुकसानीत जातो. म्हणून प्रयोगशाळेत तेलाची तपासणी केल्याशिवाय बदलीची मुदत वाढवू नये आणि ती करावयाची नसेल तर वरचा हिशेब मांडूच नये.

जोखीमही ध्यानात घ्या. बायपास फिल्टरची नळी घासून फुटली तर काही मिनिटांत चेंबर रिकामा होतो आणि इंजिन जाम होते. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनी हात वर करू शकते, आणि ग्राहक जाब विचारावयास गॅरेजमध्येच येणार.

पैसा कोठे लावावा?

१) सर्वांत आधी एअर फिल्टर पाहा. वाळूची धूळ बहुतेक त्याच वाटेने आत शिरते. रबरी पाईप फाटलेला असेल, डब्याची क्लिप सैल असेल तर तेलाचा कोणताही फिल्टर इंजिन वाचवू शकणार नाही.

२) बनावट फिल्टरपासून सावध राहा. छपाई हुबेहूब असते; खरा फरक आत असतो. घड्या कमी, कागद नीट न चिकटविलेला, रबर कडक. असा माल खात्रीच्या घाऊक विक्रेत्याकडूनच व बिलावरच घ्यावा.

३) खोक्यावर नुसते "१० मायक्रॉन" लिहिलेले असल्यास त्याला अर्थ नाही. त्या आकाराचे किती टक्के कण पकडले जातात, ते विचारा. आयएसओ ४५४८-१२ या कसोटीचा उल्लेख असेल तर तुलना करता येते. ५० टक्के आणि ९९ टक्के यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

४) आकाराने मोठा फिल्टर बसविताना आटे जुळले म्हणून समाधान मानू नका. वायसरचा व्यास आणि बायपास व्हॉल्व्हचा दाबही जुळला पाहिजे.

५) फिल्टर बसविताना जुना वायसर निघाला आहे ना ते पाहा, नव्याला तेल लावा आणि तो टेकल्यावर हातानेच सुमारे पाऊण फेरा आवळा.

६) शंका आल्यास जुना फिल्टर कापून पाहा. हॅकसॉ वापरू नका, त्याचाच कीस आत पडतो. कटरने कापून कागद पसरा. चकाकणारे कण दिसले तर बेअरिंगची वेळ भरत आली आहे. हे ग्राहकाला दाखविणारा मिस्त्री मोठा बिघाड आधीच पकडतो.

सारांश, लहान गाडीच्या मालकाने चांगले तेल, अस्सल फिल्टर आणि वेळेवर बदली एवढे केले तरी पुरे. मोठ्या डिझेल इंजिनाच्या मालकाने मात्र तपासणी आणि हिशेब यांच्या आधारे बायपास फिल्टरचा विचार जरूर करावा. दुकानदारांनी आणि गॅरेजवाल्यांनी ग्राहक या दोहोंपैकी कोणता, हे आधी विचारावे व मगच माल दाखवावा. एका विक्रीचे कमिशन सोडले तर नुकसान थोडे होते. भरवसा गेला तर ग्राहक परत येत नाही, आणि येणाऱ्यांनाही थांबवितो.